शिवम्माची गाडी आणि सोळा पदरी तार

खरं सांगा, तुमच्या घरच्या मेनस्विचमध्ये फ्यूजच्या जागी काय बांधलंय?

माहीत नाही म्हणू नका. फ्यूज दोनदा उडाला, तिसऱ्यांदा तुम्हीच खुर्ची लावून वर चढलात आणि पक्कडीनं जाडजूड तार पिळून बसवलीत. खाली उतरून बायकोला म्हणालात, "आता उडतो का बघू." आमच्या नांदूरघाटात तर ही कला लेकरं पोहायला शिकतात तशी सगळे आपोआप शिकतात. शेतातल्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी जा, झाकण नसलेल्या पेटीत बघा. फ्यूजच्या नावाखाली बैल बांधता येईल असली तार. लाईनमन तेच करतो, सरपंच तेच करतो. मीही तेच करत आलो, आणि वर मी माहिती अधिकाराचे अर्ज टाकणारा, चौकात फळा लावून भल्याभल्यांची नावं लिहिणारा माणूस. दहावी नापास. कायदे वाचून शिकलो, कुणाच्या बापाला भीत नाही. हे सगळं मी अभिमानानं सांगत असतो. आज सांगायचंय ते वेगळं आहे.

सांगायचंय शिवम्मा अक्काबद्दल.

अक्का आमच्या गावात मोटारीच्या वाइंडिंगचं दुकान चालवतात. शेतातल्या विहिरीवरची, बोअरमधली मोटार जळली की ती खोलायची, जळकी तार काढायची, नवी तार भरायची, हे त्यांचं काम. वय पन्नास-बावन्न. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, पदर कमरेला खोचलेला, बोटांच्या पेरांवर व्हार्निशचे पिवळे डाग. दुकानावर पाटी मात्र नवऱ्याच्या नावाची. बसवराज मोटार वाइंडिंग.

बसवराज अप्पा बारा वर्षांपूर्वीपर्यंत स्वतः काम करायचे. एक दिवस डीपीवर चढले, कारण लाईनमनला फोन लावून लावून लोक दमले होते. खाली कुणाच्या तरी रानात केबल शॉर्ट झालेली. साधा फ्यूज असता तर आधीच उडून गेला असता, लाईन मेली असती. पण कुणा शहाण्यानं जाड तार बांधलेली. ती उडाली नाही. अप्पांनी फ्यूजची ग्रिप ओढली आणि निळा जाळ झाला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. तार कुणी बांधली? आजपर्यंत गावात कुणाला मालूम नाही. सगळ्या गावानं मिळून बांधली होती, असं म्हणा.

त्यानंतर अप्पा ओट्यावर बसून सांगायचे आणि अक्का आत बसून वळायच्या. सहा महिन्यांत सांगायची गरज संपली. दोन-तीन वर्षांत अशी वेळ आली की केजच्या दुकानात भरलेली मोटार एक हंगाम टिकायची आणि अक्कांची चार. हे लोक कबूल करायचे, पण कसं? "अप्पाची वाइंडिंग लई चिवट." तेव्हाही माझं डोकं फिरायचं. अरे, अप्पाच्या त्या हातानं चहाचा कप धरणं होत नाही, वाइंडिंग कशाची!

तर त्यांच्या दारात एक जुनी पेट्रोलची व्हॅन होती. इंजिन जाम होऊन चार वर्षं झालेली, आत कोंबड्या अंडी घालायच्या. भंगारवाला दर महिन्याला फेरी मारायचा. अक्का त्याला म्हणायच्या, "इंजिन मेलंय. गाडी न्हाई मेली."

त्यांना ती गाडी विजेवर चालवायची होती. कारण साधं होतं. बोअरची मोटार दोन माणसांना उचलत नाही. लोक ती मोटारसायकलीवर आडवी बांधून आणतात, येता-येता शाफ्ट वाकवतात आणि मग म्हणतात, अक्का, आवाज का येतो. स्वतःची गाडी असती तर त्या रानात जाऊन मोटार उचलून आणणार होत्या. आणि दुसरं कारण त्या मला एकदाच बोलल्या. "भारत, बारा वर्सं झाली दुसऱ्याच्या नावाच्या पाटीखाली बसले. ही गाडी माझी म्हणून फिरंल."

म्हणून मी सुरुवातीपासून त्यांच्यासोबत. माझं काम सामान आणायला सोबत जाणं आणि भांडणं. भांडण मला जमतं.

मोटार त्यांनी नवी घेतलीच नाही. कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमधली साडेसात हॉर्सपॉवरची थ्री-फेजची जुनी मोटार आणली. मी म्हणालो, "अक्का, ती चारशे पंधरा व्होल्टवर चालती. गाडीत एवढी वीज कुठून आणायची?"

"वीज न्हाई आणायची. मोटारीला थोड्यात भागवायला शिकवायचं."

आणि त्यांनी ती अख्खी मोटार उसवली. वेढे आठव्या हिश्श्यावर आणले आणि तार तेवढ्याच पटीनं जाड केली, म्हणजे बारीक बारीक तारा एकत्र ओढून एक पदर. बॅटरीच्या कमी दाबावर तीच ताकद निघावी म्हणून. पुस्तक नाही, इंजिनीअर नाही. भिंतीवर खडूनं आकडे लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले. हे काम परदेशात कुणी केलं असतं तर त्याच्या गळ्यात पदक घातलं असतं. आमच्याकडे ओट्यावर बसलेला सुग्रीव म्हणाला, "अक्का, गाडी चालली तर मला केजला सोडा, न्हाई चालली तर आंबाडीची भाजी लावा आत." सुग्रीव म्हणजे अक्कांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्याची बोअरची मोटार अक्कांनी तीनदा जिवंत केलीय.

कंट्रोलरसाठी परळीला गेलतो. कंट्रोलर म्हणजे बॅटरीची वीज मोटारीला मापून देणारा डबा. गोदामात माल उचलायच्या बॅटरीवरच्या गाड्या असतात, त्यातलाच एक भंगारात आलेला. भंगाराचा व्यापारी माझ्याकडं बघून बोलत होता, अक्कांकडं नाही.

"घेऊन जा साहेब, एकदम चालू माल हाय."

अक्कांनी डबा उलटा केला, झाकणाचे चार स्क्रू खोलले, आत नाक घातलं. "ह्याच्या आत राख हाय. परळीच्या वीजकेंद्राची राख बसून बसून घट्ट झालीय. आणि ही बाजू एकदा तापून गेलीय. दुसरा दाखवा."

"बाई, तुमाला काय कळतंय त्यातलं?"

"जळाल्याचा वास कळतो. बारा वर्सं तेच हुंगते."

दुसरा निघाला, तिसरा निघाला, चौथा घेतला. त्याच भंगारातून अक्कांनी आणखी एक वस्तू उचलली. बॅटरी हातानं ओढून तोडायचं मोठं जोड-प्लग, मुठीएवढं. व्यापाऱ्यानं फुकट दिलं. मी म्हणालो, "हे कावून घेता? किल्ली बंद केली की बंदच होणार की."

"किल्ली ऐकंलच असं न्हाई. माणूस ऐकत न्हाई, किल्ली तर लांब राहिली."

ते प्लग घेतलं म्हणून आज मी हे लिहायला आहे. पुढं सांगतो.

बॅटरीचे सेल बीडमधून. दुकानदार गोड बोलणारा, काचेवर लक्ष्मी, हातात दोन मोबाईल. चोवीस सेल टेबलावर मांडले, निळ्या नव्या वेष्टनात. अक्कांनी पिशवीतून काटा काढला. घरचा, पीठ मोजायचा. एक-एक सेल ठेवायला लागल्या. दुकानदार हसला, "मावशी, हे काय भाजीपाला हाय का?"

"कागद नवा घालता येतो. वजन न्हाई घालता येत." पाच सेल बाजूला काढले. प्रत्येक दोन-दोन छटाक हलका. "ह्यांच्या अंगावर मोठ्याचे कपडे हायती. हे बारके हायती."

दुकानदाराचं हसू गेलं. मग मी तोंड सोडलं. काय काय बोललो ते छापण्यासारखं नाही. पाच सेल बदलून मिळाले.

आणि मग फ्यूज.

गाडीच्या बॅटरीला लागतो तो फ्यूज घरच्यासारखा नाही. बॅटरीची वीज सरळ असते, म्हणजे डीसी, तुटताना तिचा जाळ विझत नाही, ताणत जातो. म्हणून ह्या फ्यूजच्या पोटात वाळू भरलेली असते. तार वितळली की वाळू जाळ गिळते. बीडमध्ये चार दुकानं हिंडलो. सगळ्यांनी घरगुती विजेचा दाखवला. एक जण म्हणाला, "चालतंय हो, सगळे हाच लावतात." अक्का दुकानातून बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या. पहिल्यांदा दमलेल्या दिसल्या.

"भारत, बाकी सगळ्या सामानात चूक झाली तर गाडी चालणार न्हाई. ह्याच्यात चूक झाली तर माणूस चालणार न्हाई. पुण्याहून मागवू."

मागवला. आठ दिवसांत येणार होता. पंधरा झाले तरी आला नाही. कुरिअरवाला रोज म्हणायचा, "निघालाय."

इथं मी शेण खाल्लं.

घरी बनवलेल्या गाडीला रस्त्यावर आणायचं तर कागद लागतो, आणि कागद मिळतो तो मान्यता असलेल्या किटलाच. मी आरटीओच्या कचेरीत तीन चकरा मारल्या. तिथला साहेब म्हणाला, नियम असा आहे. मी म्हणालो, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या बिनदिव्याच्या पळतात तेव्हा नियम कुठं झोपतो? त्यानं शिपायाला बोलावलं. तेव्हा मला वाटलं, कागद अर्जानं निघणार नाही, वजनानं निघेल. म्हणून मी युवराज भैय्याला गाठलं. भैय्या म्हणजे आमच्या भागातले पुढारी, घरचं शंभर एकर बागायत, निवडणूक आली की ज्यांना गाव आठवतं ते. मी आयुष्यभर ज्यांच्या नावानं फळा लिहिला, त्यांच्याच ओसरीवर जाऊन बसलो. भैय्या म्हणाले, "आपल्या वाढदिवसाला ठेवू की. मी बसतो गाडीत. फोटो वर पाठवतो. कागद बघू." तारीख ठरली. रविवार. पत्रिका छापली, तिच्यावर माझं नाव ठळक अक्षरात. गावाच्या सगळ्या ग्रुपवर मी स्वतः टाकली.

मग अक्कांना सांगितलं. क्रम बघा माझा.

अक्का वेढे मोजत होत्या. हात थांबला नाही. "फ्यूज आलाय?"

"सोमवारी येतोय. कुरिअरवाल्याचा फोन आलता."

"मग सोमवारी गाडी चालंल."

"अक्का, कार्यक्रम रविवारी हाय. माणसं येणार, भैय्या येणार."

"येऊ द्या. चहा देऊ. गाडी हलणार न्हाई."

ही गोष्ट दोन तासांत गावभर झाली. चावडीपाशी लोक अप्पांना गाठून हसायला लागले. "अप्पा, गाडी बायकोच्या हुकमावर हाय का वाळूच्या?" "एका फ्यूजासाठी भैय्याला माघारी पाठवता? तार न्हाई का घरात? तारेचंच दुकान हाय तुमचं!" अप्पा खाली मान घालून घरी आले.

रविवारी सकाळी नऊ वाजता मी दुकानात गेलो. अक्का आत देवघरात पूजेला बसलेल्या. लिंग डाव्या तळहातावर, डोळे मिटलेले. त्या पूजेतून अक्का उठत नाहीत, बोलत नाहीत, घर पेटलं तरी. अप्पा व्हॅनच्या मागं उकिडवे बसले होते, फ्यूजची पेटी उघडी, हातात वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेचं बंडल.

माझ्याकडं बघून म्हणाले, "दहा मिनिटाचा प्रश्न हाय बे. मैदानावर तीन चकरा. उद्या फ्यूज आला की बसवू."

मी काय म्हणायला पाहिजे होतं? ज्या माणसाची तीन बोटं तारेनं खाल्ली, तो तार बांधत होता, आणि मी, गावाचा जागल्या, मी म्हणालो, "किती पदर?"

"सोळा."

तार मी कापून दिली. अप्पांनी पिळली, डाव्या हातानं, आणि पेटीत आवळली. झाकण लावलं.

अक्का पूजा करून बाहेर आल्या. अप्पा म्हणाले, "फ्यूज आला. भारत केजहून घेऊन आला सकाळीच."

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. "वाळूचाच हाय ना?"

मी हो म्हणून मान हलवली.

त्यांनी पेटी उघडून बघितली नाही. कावून बघतील? दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर चार स्क्रू खोलून नाक घातलं असतं. पण फ्यूजच्या बाबतीत जगात एक माणूस खोटं बोलणार नाही, अशी त्यांची खात्री होती, आणि तो समोर उभा होता, दोन बोटांचा हात मागं लपवून.

मैदान दुकानाच्या मागंच आहे, शाळेचं. गाडी तिथपर्यंत चालली. आवाज नाही, धूर नाही, फक्त टायरखाली खडी वाजत होती. सुग्रीवनं टोपी काढली. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. आणि मनात म्हणालो, बघा, चालली की तारेवर.

मग भैय्या आले. अक्कांना स्टेजवर नेलं. शाल, नारळ, फेटा. माईक माझ्या हातात, मी नारीशक्तीवर बोलतोय. तेवढ्यात भैय्यांच्या दोन कार्यकर्त्यांना वाटलं, गाडीत भैय्यांचा झेंडा उभा पाहिजे. त्यांनी लोखंडी पट्टी आणली, गाडीच्या तळावर आडवी टाकली आणि दोन टोकांना ड्रिलनं लांब स्क्रू मारले. कुणाला विचारलं नाही. विचारायची सवय कुठं आहे?

अक्कांनी बॅटरीच्या दोन जाड केबली तळाखालून मुद्दाम दोन बाजूंनी नेल्या होत्या. एक डाव्या अंगानं, एक उजव्या. आयुष्यात कधी भेटू नयेत म्हणून. एक स्क्रू एकीत घुसला, दुसरा दुसरीत. मधे लोखंडाची पट्टी.

सत्कार उरकून अक्का गाडीत बसल्या, भैय्या त्यांच्या शेजारी. अक्कांनी किल्ली फिरवली. खट् झालं.

मोटार हललीच नाही. पट्टी लाल झाली. मी स्टेजवरून बघतोय आणि मला कळेना लाल काय आहे. मग सीटच्या फोमनं धूर सोडला. काळा, घशात बसणारा. वाळूचा फ्यूज असता तर पापणी लवायच्या आत सगळं मेलं असतं, फार तर फटाक्याएवढा आवाज. सोळा पदरी तार उभी राहिली. ती उडू नये म्हणूनच बांधली होती आम्ही. तिनं तिचं काम चोख केलं.

भैय्या दार उघडून असे पळाले की एक चप्पल गाडीतच. अक्कांनी किल्ली बंद केली. किल्लीनं ऐकलं नाही, आतले जोड चिकटून बसलेले. मग त्या खाली वाकल्या, धुरात, सीटखाली हात घातला आणि ते परळीचं मुठीएवढं प्लग ओढलं. निळा जाळ त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत चाटून गेला. पण वीज तुटली. बाकीची आग मातीनं विझली. माणूस एकही मेला नाही.

गाडीचा मागचा भाग धुमसत होता. अक्का डाव्या हातानं फ्यूजच्या पेटीपाशी गेल्या. झाकण उघडलं. मी पाच फुटांवर होतो. तार निळी-काळी पडलेली, पण शाबूत.

त्यांनी अप्पांकडं बघितलं. मग माझ्याकडं. झाकण लावलं.

बस्.

भैय्यांनी दुसऱ्याची चप्पल घालून माईक घेतला. "आपल्या माताभगिनींच्या सुरक्षिततेचा प्रश्न हाय. अर्धवट ज्ञानावर असे प्रयोग करू नयेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोमवारपर्यंत व्हिडिओ केज, परळी, बीड सगळीकडं. 'बाईनं बनवलेल्या गाडीला आग.' आणि सोमवारीच दुपारी कुरिअर आलं. पुण्याचा फ्यूज. वाळूचा.

पुढं जे झालं त्यात आगीपेक्षा जास्त जळालं. दुकानात अकरा मोटारी खोललेल्या होत्या. गव्हाला पाणी द्यायचे दिवस. पहिला आला तो सुग्रीव.

"अक्का, राग मानू नका. पण मोटार द्या माझी."

"उसवलीय अजून. परवा देते भरून."

"हाय तशीच द्या. केजला भरून घेतो."

अक्कांनी जळक्या हाताला फडकं बांधलेलं. त्यांनी त्याची मोटार पोत्यात घातली, प्रत्येक बोल्ट मोजून पुरचुंडीत बांधला, पुरचुंडी पोत्यात टाकली. "एक बी बोल्ट कमी न्हाई. बघून घ्या." आठवड्यात दहा मोटारी गेल्या. एक राहिली, साखराबाईची. एकटीनं दोन एकर करणारी म्हातारी. तिला कुणीतरी मोबाईल दाखवला तर म्हणाली, "व्हिडिओनं माझं रान भिजतंय का रे? तिच्या हातची मोटार चार वर्सं चालली. सरक तिकडं."

आणि मी? मी तीन आठवडे गप्प. चौकातला फळा कोरा. लोक विचारायचे, भारतभाऊ, तब्येत बरी हाय ना?

बाविसाव्या दिवशी गेलो. अक्का साखराबाईची मोटार भरत होत्या. अप्पा ओट्यावर नव्हते, आत भिंतीला टेकून बसलेले.

मी म्हणालो, "अक्का, तुम्हाला सांगायचं होतं, ती तार..."

"मालूम हाय." त्यांनी वर बघितलं नाही. "पीळ उलटा होता. डाव्या हाताचा. ह्या घरात तसा पीळ एकच माणूस देतो. आणि तारेची तोंडं चेपलेली होती. अप्पा कापतात तर तोंड साफ राहतंय. पक्कड धरता न येणारा माणूस कोण, ते बी कळलं."

"मग तुम्ही त्याच वेळी बोलला कावून न्हाई? स्टेजवर उभं राहून सांगायचं!"

त्यांनी तेव्हा वेढा सोडला. इतकी वर्षं ओळखतो, त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला.

"मी सांगायचं? जळाले मी, मोटारी गेल्या माझ्या, आणि नवऱ्याचं नाव घेऊन परत मीच वाईट व्हायचं? गाव म्हणलं असतं, बघा, स्वतःची चूक अपंग नवऱ्यावर ढकलली. तुमी रोज दुसऱ्याच्या नावानं फळा लिहिता, भारतराव. एकदा तुमच्या नावानं लिहा की."

भारतराव. मला त्या कधी राव म्हणाल्या नव्हत्या.

मी म्हणालो, "लिहितो. पण अप्पांची इज्जत..."

"माझी गेली तवा कुणी धरली?"

आत भिंतीपासून आवाज आला. बसका. "लिही बे. माझं नाव आधी लिही. तुझं नंतर."

म्हणून लिहिलं. फळ्यावरही लिहिलंय, चौकात, मोठ्या अक्षरात, पण फळ्यावर एवढं मावत नाही. पहिल्या दिवशी कुणीतरी रात्रीतून पुसलं. मी परत लिहिलं. लोक म्हणतात, जाऊ दे की, झालं ते झालं, दोघं आपलीच माणसं. ह्या 'जाऊ दे'चा मला आता वीट आलाय. बारा वर्षांपूर्वी डीपीवर कुणी तार बांधली हे विचारलं तेव्हाही गाव हेच म्हणालं होतं. तेव्हा एकानं तरी पुढं येऊन 'मी बांधली' म्हटलं असतं, तर कदाचित मी त्या रविवारी 'किती पदर' विचारलं नसतं. पण हेही कारणच झालं. कारणं देत नाही. खोटी मान मी हलवली.

दुकानात आता दोन मोटारी आहेत. साखराबाईनं शेजारणीची आणून टाकली. व्हॅनचा तळ अक्कांनी कापून नवा पत्रा मारलाय. चोवीस सेलांतले एकवीस शाबूत निघाले, काट्यावर आणि मीटरवर दोन्हीकडं तपासून. गाडीच्या मोटारीला तर काही झालंच नव्हतं, तिचा एक वेढा काळा पडलेला नाही. पुण्याचा फ्यूज पेटीत बसलाय, आणि ह्या वेळी स्क्रू अक्कांनी स्वतः आवळले, आम्हा दोघांना समोर उभं करून.

तो व्हिडिओ तुमच्या मोबाईलमध्ये असेल. अर्ध्या जिल्ह्याच्या आहे. तो पुसू नका. ज्यानं तुम्हाला पाठवला त्यालाच परत पाठवा, आणि खाली एवढं लिहा: फ्यूजच्या जागी तार बांधली बसवराजनं, कापून दिली भारतनं, शिवम्माला खोटं सांगितलं दोघांनी. आणि तुमची मोटार जळली, तर ती शिवम्माकडं न्या.